संसार मोजायचा कुठपर्यंत

४ मार्च

बाई,

मायना काय घालावा यात माझी सकाळ गेली. 'प्रिय' माझ्याच्याने लिहवणार नाही, 'आदरणीय' लिहिलं तर तुम्ही हसाल, आणि 'ताई' म्हणायला आपण काही एका आईच्या पोटच्या नाही. तेव्हा नुसतं बाई.

तुमचं पत्र यांच्या नावावर आलं, पण उघडलं मी. या घरात विजेचं बिल असो की तुमचं पत्र, पाकीट मीच फोडते. तुम्ही लिहिता की हात थरथरायला लागल्यामुळे दातांच्या लॅबच्या मालकाने तुम्हाला जूनपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. नव्या नियमाने घटस्फोट झालेल्या बायकोलाही जुन्या नवऱ्याच्या सरकारी पेन्शनवर काही भाग मिळतो असं तुमच्या कानावर आलंय. तो मिळाला तर तुमची खोली टिकेल, नाहीतर भावाच्या दारात जावं लागेल. आणि त्यासाठी यांचा नोकरीचा नंबर हवा.

नंबर मिळणार नाही.

का ते सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर एक रिटायर कंडक्टर राहतात. अख्ख्या बिल्डिंगच्या पेन्शनची गणितं तेच सोडवतात. त्यांनी मला जिन्यात थांबवून समजावलं की नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्म्याइतका भाग बायकोचा असतो. बायको एक असली तर सगळा तिचा, दोन असल्या तर त्याचेच दोन तुकडे. त्यातही पहिलीचा तुकडा आधी कापतात. शिवाय नवऱ्याची सही लागते. ती मी होऊ देणार नाही.

मी आयुष्यभर सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईघरात उभी राहून चादरींना इस्त्री केली. त्याचं माझं थोडंफार पेन्शन बसतं. ते, आणि वर यांच्यातला बायकोचा भाग, असं दोन्ही धरून मी आमचं म्हातारपण आखलंय. आता ताट वाढल्यावर तुम्ही पाट घेऊन पुढे येता.

दुसरा मुद्दा, जो खरं तर पहिला आहे. गेल्या वर्षी यांची कवळी तुम्ही केलीत. गावात लॅब दुसरी नव्हती असं नाही. डॉक्टरांनी तुमच्या लॅबची चिठ्ठी दिली आणि हे शहाण्या मुलासारखे गेले. गेले ते जातच राहिले. कधी टोचते म्हणून, कधी हलते म्हणून, कधी नुसतीच दाखवायला. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासणारा माणूस, पण आपण कुठे झुकतोय ते कधी यांना दिसलं नाही. आता सकाळी चहा घेताना हे माझ्याकडे बघून हसतात ते तुमच्या दातांनी. कुठल्या बायकोला हे गोड लागेल?

मला तर चहासुद्धा गोड लागत नाही.

यांची पत्नी


१९ मार्च

बाई,

तुमचं उत्तर पोचलं. पाच ओळी! मी चार पानं लिहिते आणि तुम्ही पाच ओळींत मला खोटी ठरवता. 'माझ्या घेण्याने तुमचं कमी होत नाही असं ऐकलं आहे, खात्री करून घ्या.' वा. मांजराने सांगावं की माझ्या पिण्याने दूध कमी होत नाही, खात्री करून घ्या.

पण आज कारण वेगळं आहे. यांची कवळी हरवली.

कुठे ते विचारू नका. घर पालथं घातलं. पलंगाखाली पाहिलं, कोटाचे खिसे उलटे केले, हे तर पिठाच्या डब्यात हात घालायला निघाले होते, मीच थांबवलं. म्हटलं, दात काय स्वतःच्या पायांनी डब्यात जातात? त्याचं असं झालं की तुमचं पत्र मी फाडून टाकलं नाही हे माझं चुकलं. यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "नंबर देऊन टाकू ना. तिचा हक्क असेल." तिचा हक्क! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी हे पेन्शनच्या ऑफिसात चौकशीला जाणार होते, आणि नेमकी त्याच सकाळी कवळी नाहीशी झाली. दातांशिवाय हे दारातल्या दूधवाल्यासमोरही जात नाहीत, ऑफिसात कुठले जायला. एकदाचं टळलं.

टळलं असं मला वाटलं. संध्याकाळी हे रुमालाने तोंड झाकून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नवी करावी लागेल, जुनी जिने केली तिच्याकडेच साचा आहे. म्हणजे पुन्हा तुम्ही! पुन्हा मेण, पुन्हा माप, पुन्हा 'आ करा' आणि 'चावून बघा'. करायला गेले एक आणि माझ्याच पायावर धोंडा पडला.

माझी एकच विनंती आहे. यांचं काम दुसऱ्या कुणाला द्या. हात थरथरतात म्हणता ना, मग थरथरू द्या की नेमके आता.

रागावून लिहिते आहे, पण राग आजचा नाही. हे तुमचं घर सोडून माझ्याकडे आले त्यानंतर दोन वर्षं तुम्ही घटस्फोटाच्या कागदावर सही केली नाहीत. दोन वर्षं! सायकलच्या दुकानावरची ती खोली, एक स्टोव्ह, एक खिडकी. यांचे शर्ट मी हॉस्पिटलातून आल्यावर पुन्हा इस्त्री करायचे, तराजू तपासायला जाणाऱ्या माणसाची कॉलर ताठ हवी म्हणून. आणि घरमालकीण मला सगळ्यांसमोर विचारायची, "तुमच्याकडचे पाहुणे आज कधी येणार?" पाहुणे! तुमच्या एका सहीपायी मी दोन वर्षं माझ्याच नवऱ्याची यजमानीण होते. आणि आज तुम्ही त्याच माणसावर हक्क सांगता.

सोमवारी मी स्वतः पेन्शनच्या ऑफिसात जाऊन तुमच्या अर्जाला हरकत घेणार आहे. अर्ज अजून केला नसलात तरी घेणार. आधीच घेऊन ठेवलेली बरी.


२ एप्रिल

बाई,

ऑफिसात जाऊन आले.

लांब हॉल, भिंतीला लागून बाकं, खिडकीवर चष्मा डोक्यावर चढवलेली एक बाई. मी म्हटलं, मला हरकत नोंदवायची आहे. तिने विचारलं, कशाला? मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "मावशी, एका ताटातून दोघींना वाढत नाहीत. पहिलीला मिळेल तो भाग तुमच्यातून जात नाही, साहेबांच्यातूनही जात नाही. साहेबांची सही लागत नाही. साहेबांना कळवतसुद्धा नाहीत." मी विचारलं, मग दोन तुकडे कशाचे होतात? म्हणाली, "कशाचेच नाहीत. कोण सांगतं हे?" मी कंडक्टरांचं नाव काढलं नाही. त्या माणसाने तिकिटं कशी फाडली असतील देव जाणे.

वर आणखी एक ऐकून आले. माझं स्वतःचं पेन्शन आणि यांच्यातला बायकोचा भाग असं दोन्ही पूर्ण मिळतच नाही. आधी आपलं, आणि यांच्यातला भाग त्याहून मोठा असेल तर फक्त वरचा फरक. म्हणजे माझ्या म्हातारपणाच्या बेताला भोक पडलं ते तुमच्यामुळे नाही. ते मुळातच होतं, मला दिसलं नव्हतं. खरं सांगू? हे ऐकून मी तुमच्यावर जास्तच चिडले. तुम्ही माझं काही नेत असतात तर मला तुमचा द्वेष करणं सोपं होतं. आता नुसताच द्वेष उरला, त्याला कारण नाही. बिनकारणाचा राग बाळगायला फार कष्ट पडतात.

पण एक गोष्ट तुमच्या कामाची कळली. घटस्फोटितेला हा भाग हवा असेल तर लग्न निदान दहा वर्षं टिकलेलं असावं लागतं. दहा. आणि तुमचं टिकलं नऊ. हे तुमच्याकडून निघाले तेव्हा नऊ पुरी होऊन वर काही महिने झाले होते, तारीख मला पाठ आहे, कारण ते निघाले म्हणजे माझ्याकडे आले. तेव्हा तुम्हाला मिळणार नाही, आणि नंबराचा प्रश्नच मिटला.

खिडकीवरची बाई पुढे आणखी काहीतरी विचारत होती, पण माझ्या मागच्या माणसाची घाई चालली होती, मी उठले.

वाईट वाटून घेऊ नका. मलाही काही आनंद झालेला नाही. थोडा झाला.


१० एप्रिल

बाई,

कालच्या भेटीबद्दल लिहायला हवं, कारण तोंडाने मला काही धड बोलता आलं नाही.

तुमचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. या खेपेला तर तीनच ओळी. 'नऊच. मीही तेवढीच धरते. ते गेले त्या दिवशी माझ्या बाजूने संपलं. विषय मिटला, मेअखेर भावाकडे जाते.' मी ते तीनदा वाचलं. भांडायला तुम्ही एक शब्द ठेवला नव्हता. इतकी वर्षं आपलं एका गोष्टीवर एकमत झालं नाही, आणि झालं ते यावर: तो दिवस. तुम्ही म्हणता त्या दिवशी तुमचं संपलं, मी म्हणते त्या दिवशी माझं सुरू झालं.

मी लॅबमध्ये आले ते यांना यायला लागू नये म्हणून. हे खरं कारण. रुमालात बांधून जुनी कवळी आणली होती. सापडली असं तुम्हाला सांगणार होते. तुम्ही ती दिव्याखाली धरलीत, खोबणीत सुई फिरवलीत आणि म्हणालात, "पीठ आहे."

तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली. शेवटी मीही हसले. डबा भरताना वरून पीठ ओतलं आणि खाली काय आहे ते विसरले, काढायला गेले तेव्हा मापटं लागून तडा गेला. घ्या, झालं का समाधान?

मग तुम्ही ती जोडायला बसलात आणि मी तुमचे हात पाहिले. मला वाटलं होतं तुम्ही पत्रात वाढवून लिहिलंय. तुम्ही डावं मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरत होतात, श्वास रोखून कानस लावत होतात आणि श्वास सोडला की हात पुन्हा सुटत होता. त्या मुलीने जे एका दमात केलं असतं त्याला तुम्हाला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. मी सांगितलं होतं, थरथरू द्या म्हणून. ते वाक्य मागे घेते.

भावाकडे कुठे झोपणार असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पॅसेजमध्ये खाट मावते. वहिनी वाईट नाही, फक्त रोज विचारते की मी अजून किती दिवस आहे." आणि खोलीचं काय, तर म्हणालात, "दोन खिडक्या आहेत. दुपारी उजेड चांगला येतो." एवढंच. मला वाटलं रडाल. रडला असतात तर मला बरं पडलं असतं.

म्हणून मीच भांडण उकरून काढलं. म्हटलं, दोन वर्षं सही अडवून धरली नसतीत तर मी इतकी कडू झाले नसते. तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत. म्हणालात, "कागद माझ्याकडे आले त्याच आठवड्यात मी सही करून पाठवले. आलेच उशिरा."

हे खोटं असणार. घरी येईपर्यंत वाटभर मी स्वतःला तेच सांगत होते.

कवळी यांना बसली. डावीकडे टोचते म्हणाले. मी म्हटलं टोचू द्या, आता तिकडे जायचं नाही.


१८ एप्रिल

बाई,

आज लपवाछपवी नाही. लांबलं तर लांबू द्या.

यांना मी विचारलं. जेवण झाल्यावर, सरळ. ती दोन वर्षं कागद कुठे होते? हे म्हणाले, "कसले कागद?" मी म्हटलं, घटस्फोटाचे. हे उठले, कवळी काढली, पेल्यात टाकली, वर झाकण ठेवलं. आमच्याकडे याचा अर्थ बोलणं संपलं. मी पेला उचलून यांच्या पुढ्यात आदळला. म्हटलं, दात घाला आणि बोला, नाहीतर बोळक्या तोंडाने बोला, पण आज बोला.

बोलले. कागद वकिलाकडून लगेच आले होते. ते यांनी ऑफिसच्या कपाटात, वजनांच्या पेटीमागे ठेवले. का, तर "नक्की होत नव्हतं." नक्की होत नव्हतं! माझ्या खोलीत राहून, माझ्या हातचं खाऊन, मी ताठ केलेल्या कॉलरी घालून दोन वर्षं हा माणूस दोन पारडी बघत बसला होता. आणि मला सांगत होता की ती सही देत नाही. मी तुम्हाला शिव्या घातल्या. दररोज. इस्त्री गरम होईपर्यंत दुसरं कामच नसायचं.

तुमच्याबद्दल मला जे वाटत होतं ते मग कुणाबद्दल वाटायला हवं होतं, या विचाराने माझं डोकं भणभणतंय. यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, तिसऱ्या दिवशी बोलले. कारण माणूस माझा आहे, आणि भाजी कुठली आणायची ते कुणाला तरी सांगावं लागतं. पण तुमचा हेवा गेला असं समजू नका. उलट वाढला. यांनी दोन वर्षं तोललं ते तुम्हाला. मला कुणी इतका वेळ तोललेलं नाही.

आता खरी गोष्ट. खिडकीवरच्या बाईने मला पुढे काय विचारलं ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. रांगेत कुणालाच घाई नव्हती. तिने विचारलं, "नऊ वर्षं कुठपर्यंत धरता? साहेबांनी घर सोडलं तिथपर्यंत, की कोर्टाचा हुकूम झाला तिथपर्यंत?" मी म्हटलं, घर सोडलं तिथेच संपलं की! ती म्हणाली, "मनात संपलं असेल. आमच्याकडे हुकुमाच्या तारखेपर्यंत लग्न चालू असतं. कोण कुणाकडे राहत होतं ते आम्ही बघत नाही."

म्हणजे तुमची नऊ नाहीत. तुमची दहा भरून वर जातात.

हे मला दोन एप्रिललाच माहीत होतं. तुम्ही 'विषय मिटला' लिहिलंत तेव्हा माहीत होतं. लॅबमध्ये तुम्ही खिडक्यांचा उजेड सांगत होतात तेव्हा तर ते माझ्या जिभेवर होतं. तरी मी गप्प बसले. पैशासाठी नाही, माझा त्यात एक छदामही जात नव्हता हे मला खिडकीवरच सांगितलं होतं. गप्प बसले कारण ती दोन वर्षं माझी आहेत. सायकलच्या दुकानावरची खोली, खालून येणारा हवा भरायच्या पंपाचा आवाज, एका घोंगडीत दोघं. सगळं जग मला पाहुण्याची बाई म्हणत होतं तेव्हा मी स्वतःला म्हणायचे, म्हणू देत, लग्न खरं तर हेच आहे. आयुष्यात मी काही जिंकून आणलं असेल तर ती वर्षं. आणि खिडकीवरची बाई डोक्यावरचा चष्मा नाकावर घेऊन मला सांगते की सरकारच्या हिशेबात तेवढा काळ हा माणूस तुमचा नवरा होता. कुठल्या तोंडाने मी ते तुम्हाला कळवणार होते?

तरी कळवते आहे. तुमचे हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पुढचं नीट वाचा. मेअखेरपर्यंत थांबू नका, भावाला खाट हलवायला सांगू नका. यांचा नंबर मागच्या पानावर लिहिला आहे, पण नसता तरी चाललं असतं, नाव आणि जन्मतारीख त्यांना पुरते. लग्नाचा दाखला आणि कोर्टाचा हुकूम बरोबर न्या. तुमच्या स्वतःच्या कामाचं काही पेन्शन बसत असेल तर तेही सांगा, माझ्यासारख्या दोन्ही हातांनी घ्यायला जाऊ नका. आणि कुणाशी लग्न करायचं मनात असेल तर आधी विचारून घ्या, पुन्हा लग्न केलं तर हा भाग बंद होतो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे कंडक्टर उभे राहिले होते, ते विधुर आहेत. क्षणभरच. मी काही संत नाही.

खिडकीवर तुम्हाला विचारतील, लग्न किती वर्षं टिकलं. सवयीने नऊ म्हणाल. तुमचा मानी स्वभाव मला आता थोडा कळलाय, 'ते गेले त्या दिवशी संपलं' असं तुम्ही तिथेही ऐकवाल. ऐकवू नका. ती खिडकी मान राखायची जागा नाही. अकरा म्हणा.

मोठ्याने म्हणा. त्या वेळी मी इथे इस्त्रीपाशी उभी असेन आणि इस्त्रीहून जास्त मी तापलेली असेन, कारण त्यातली शेवटची दोन मी जगलेली आहेत. तरी अकराच म्हणा.